चुंबकत्व आणि अतिसंवाहकता : वैर की सोयरीक?

मुंबई : चुंबकत्व आणि अतिसंवाहकता ही दोन्ही घनपदार्थांतील इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक शिस्तीची रूपे आहेत. तरीही ती एकमेकांची हाडवैरी असून एकीच्या आगमनाबरोबर दुसरीने काढता पाय घ्यावा, असे भौतिकशास्त्राने दीर्घकाळ मानले. १९७९ मध्ये जर्मनीत अभ्यासल्या गेलेल्या सिरियमच्या एका संयुगाने ही समजूतच उलटी केली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९४ मध्ये, मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून, म्हणजेच टीआयएफआरमधून, निकेलयुक्त अतिसंवाहकांच्या एका नव्या कुळाची वार्ता जगापुढे आली आणि याच प्रश्नाला भारतीय भूमीवरून नवे वळण मिळाले. चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे मारक आहे की जनक, हा तो प्रश्न. तो अजूनही पूर्ण सुटलेला नाही. मात्र त्याचे उत्तर मिळाल्यास अधिक तापमानाला काम करणारे अतिसंवाहक शोधण्याची वाट उजळेल, अशी आशा या क्षेत्रातील संशोधकांना आहे.

जोडीने चालणारे इलेक्ट्रॉन

१९११ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे हाइक कामरलिंग ऑनेस यांनी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास थंड केला, तेव्हा त्याचा विद्युत रोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकतेचा हा पहिला साक्षात्कार. १९३३ मध्ये वाल्टर माइस्नर आणि रोबर्ट ओक्सनफेल्ड यांनी तिचे दुसरे लक्षण दाखवून दिले : अतिसंवाहक आपल्या अंतर्भागातून चुंबकीय क्षेत्र बाहेर हाकलतो. म्हणजे चुंबकाशी त्याचे वाकडे प्रथमपासूनच होते.

या घटनेचे समाधानकारक स्पष्टीकरण मिळण्यास १९५७ साल उजाडावे लागले. जॉन बार्डीन, लिऑन कूपर आणि रॉबर्ट श्रीफर यांनी असे दाखवले की, अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉन एकेकटे न राहता जोड्या बांधतात. ऋण भाराचा इलेक्ट्रॉन धातूच्या जालकातून जाताना आजूबाजूच्या धन भाराच्या आयनांना किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड असल्याने त्यांना मूळ जागी परतण्यास वेळ लागतो. तेवढ्या अवधीत तेथे धन भाराची दाटी राहते आणि तिच्या ओढीने दुसरा इलेक्ट्रॉन मागोमाग येतो. अशा रीतीने जालकाच्या कंपनांच्या मध्यस्थीने, एरवी एकमेकांना दूर लोटणारे दोन इलेक्ट्रॉन बांधले जातात. या सिद्धांतासाठी तिघांना १९७२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या जोडीची एक अट महत्त्वाची आहे. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक सूक्ष्म चुंबक असतो आणि जोडीतील दोघांचे चुंबकीय रोख परस्परविरुद्ध असावे लागतात. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र किंवा धातूत शिरलेला चुंबकीय अणू या दोघांवर वेगवेगळा परिणाम करतो आणि जोडी मोडते. १९५८ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बर्न्ड मॅथायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँथॅनम या अतिसंवाहक धातूत सुमारे एक टक्का गॅडोलिनियम मिसळले, तेव्हा तेवढ्यानेच अतिसंवाहकता जवळजवळ लयाला गेली. १९७७ मध्ये एर्बियम, ऱ्होडियम आणि बोरॉन यांच्या एका संयुगात याहून नाट्यमय प्रकार दिसला. ते ८.७ केल्विनला अतिसंवाहक झाले. परंतु आणखी थंड केल्यावर सुमारे ०.९ केल्विनला एर्बियमचे अणुचुंबक एका दिशेने रांगेत उभे राहताच रोध पुन्हा अवतरला. चुंबकीय मूलद्रव्यांपासून चार हात दूर राहावे, हा नियम त्यामुळे अधिकच पक्का झाला.

इलेक्ट्रॉन जड कसा होतो?

नियमाला अपवाद ठरलेल्या पदार्थांना जड फर्मिऑन पदार्थ म्हणतात. फर्मिऑन हे ज्या कणवर्गात इलेक्ट्रॉन मोडतो त्याचे नाव. या संयुगांत सिरियम, इटर्बियम यांसारखी विरल मृत्तिका मूलद्रव्ये किंवा युरेनियम असते. सिरियमच्या अणूत एक इलेक्ट्रॉन आतल्या कवचात दडून बसलेला असतो. शास्त्रीय परिभाषेत त्याला एफ इलेक्ट्रॉन म्हणतात. नेहमीच्या तापमानाला तो आपला अणू सोडत नाही आणि लहानशा चुंबकासारखा वागतो.

तापमान उतरू लागले की चित्र पालटते. धातूतून मुक्तपणे फिरणारे इलेक्ट्रॉन या लहानशा चुंबकाभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभाव झाकून टाकतात. सोन्यासारख्या धातूत लोहाचा अंश असल्यास अतिशीत तापमानाला त्याचा रोध घटण्याऐवजी वाढू लागतो, हे कोडे १९३० च्या दशकापासून ठाऊक होते. जपानी शास्त्रज्ञ जून कोंडो यांनी १९६४ मध्ये त्याची उकल केली आणि या परिणामाला त्यांचेच नाव मिळाले. सोन्यात असे चुंबकीय अणू तुरळक असतात. सिरियमच्या संयुगात मात्र ते जालकाच्या घराघरात असतात. साहजिकच मुक्त इलेक्ट्रॉनाला पावलोपावली या दडलेल्या इलेक्ट्रॉनांशी देवाणघेवाण करावी लागते. लग्नमंडपातून लगबगीने निघालेल्या वधूपित्याला प्रत्येक पाहुणा थांबवून दोन शब्द बोलू लागला, तर त्याचे वजन वाढत नाही; पण चाल मात्र फार मोठे ओझे डोक्यावर असल्यासारखी मंदावते. या पदार्थांतील इलेक्ट्रॉनांची गत तशीच होते. त्यांचे परिणामी वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनाच्या शेकडो, क्वचित हजार पट भरते.

हे जडपण विशिष्ट उष्णतेच्या मोजणीतून उघड होते. अतिशीत तापमानाला इलेक्ट्रॉनांचा विशिष्ट उष्णतेतील वाटा जितका मोठा, तितके ते जड. तांब्यासाठी या वाट्याचा गुणांक, मिलिजूलच्या परिमाणात, सुमारे ०.७ आहे. १९७५ मध्ये सिरियम आणि ॲल्युमिनियमच्या एका संयुगात तोच गुणांक १,६२० भरला. इतक्या मंद आणि चुंबकीय घडामोडींत गुरफटलेल्या इलेक्ट्रॉनांत जोड्या बांधल्या जातील, असे त्या वेळी कोणाच्या मनातही येणे कठीण होते.

न पटणारा पुरावा

याच पार्श्वभूमीवर १९७९ मध्ये फ्रँक श्टेग्लिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिरियम, तांबे व सिलिकॉन यांचे संयुग अर्ध्या केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होत असल्याचे जाहीर केले. नमुन्यात भेसळ असावी, ही पहिली शंका. तिचे निरसन विशिष्ट उष्णतेनेच केले. अतिसंवाहकता येते त्या क्षणी विशिष्ट उष्णतेत उडी दिसते आणि या संयुगातील उडी जड इलेक्ट्रॉनांच्या अवाढव्य वाट्याला साजेशी मोठी होती. भेसळीच्या चिमूटभर अंशातून ती उद्भवणे शक्य नव्हते. जड इलेक्ट्रॉन स्वतःच जोड्या बांधत होते. दुसरा पुरावा त्याहून बोलका होता. सिरियमच्या जागी एफ इलेक्ट्रॉन नसलेले लँथॅनम घातलेले संयुग चुंबकीय अणूंपासून मुक्त असूनही अतिसंवाहक होत नाही. ज्या अणूमुळे अतिसंवाहकता मरावी, त्याच्याच उपस्थितीत ती जन्म घेत होती.

या इतिहासात एक बोधप्रद उपकथा आहे. युरेनियम आणि बेरिलियमच्या एका संयुगात १९७५ मध्येच सुमारे एक केल्विनला अतिसंवाहकतेचे चिन्ह दिसले होते. पण ते नमुन्यात अडकलेल्या युरेनियमच्या तंतूंमुळे असावे, असा अर्थ लावून ते बाजूला सारण्यात आले. १९८३ मध्ये त्याच संयुगाची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा ते अस्सल जड फर्मिऑन अतिसंवाहक असल्याचे सिद्ध झाले. प्रचलित सिद्धांतात न बसणारे निरीक्षण भेसळीच्या माथी मारणे सोपे असते. त्याची किंमत या प्रसंगी आठ वर्षांच्या विलंबाने मोजावी लागली. १९८४ मध्ये युरेनियम व प्लॅटिनमचे संयुगही याच पंक्तीत आले आणि एका अपवादाचे कूळ झाले.

रस्सीखेच आणि दाबाची कळ

एफ इलेक्ट्रॉनांपुढे दोन मार्ग असतात. मुक्त इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने ते एकमेकांशी संधान बांधून चुंबकीय रांग लावू शकतात. किंवा कोंडो परिणामाने झाकले जाऊन आपले चुंबकत्व गमावू शकतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सबॅस्टियन डोनियाक यांनी १९७७ मध्ये या रस्सीखेचीचा नकाशा मांडला. कोणता पक्ष जिंकणार, हे एफ इलेक्ट्रॉन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांच्यातील बंध किती घट्ट आहे यावर ठरते. सिरियमच्या संयुगावर दाब दिल्यास अणू जवळ येतात, हा बंध घट्ट होतो आणि चुंबकत्वाचा पक्ष हळूहळू दुबळा पडतो. त्यामुळे दाब ही या प्रयोगांतील कळ ठरली.

१९९८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील गिल्बर्ट लॉन्झरिच यांच्या गटाने ही कळ फिरवून दाखवली. सिरियम, पॅलॅडियम आणि सिलिकॉन यांच्या संयुगात नेहमीच्या दाबाला सुमारे १० केल्विनखाली शेजारशेजारच्या अणुचुंबकांचे रोख आलटूनपालटून उलट होतात. या अवस्थेला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. वातावरणाच्या सुमारे २८ हजार पट दाब दिल्यावर हे चुंबकत्व शून्य तापमानापर्यंत मागे हटले आणि नेमक्या त्याच सीमेवर, अर्ध्या केल्विनहूनही कमी तापमानाला, अतिसंवाहकता प्रकट झाली. दाब आणखी वाढवला की तीही मावळली. सिरियम आणि इंडियमच्या संयुगातही हाच प्रकार दिसला. चुंबकत्व पुरे मेलेले नाही आणि धड जिवंतही नाही, अशा काठावरच अतिसंवाहकतेने घर केले होते. हा काठ पुंज क्रांतिक बिंदू या नावाने ओळखला जातो.

यामागील विचार असा : चुंबकीय रांग मोडकळीला आली की अणुचुंबकांत जागोजागी लाटा उठतात आणि विरतात. एक इलेक्ट्रॉन जाताना अशी लाट मागे ठेवतो आणि तिच्या आधाराने दुसरा त्याच्याशी जोडला जातो. जालकाच्या कंपनांचे काम येथे चुंबकीय कंपने करतात. मात्र या मध्यस्थीचा स्वभाव निराळा आहे. दोन इलेक्ट्रॉन अगदी लगत आल्यास ती दूर लोटते आणि ठरावीक दिशांना, ठरावीक अंतरावर जवळ ओढते. जोडी टिकायची तर तिने आपला आकार त्यानुसार घडवला पाहिजे. म्हणून या जोड्या नेहमीच्या अतिसंवाहकांतील जोड्यांप्रमाणे सर्व दिशांना सारख्या नसून चार पाकळ्यांच्या फुलासारख्या असतात, असे मानले जाते. अशा अतिसंवाहकतेला अपारंपरिक हे विशेषण लावतात.

२०११ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाच्या प्रयोगांतून श्टेग्लिश यांच्या मूळ संयुगाबाबत या विचाराला बळकटी मिळाली. अतिसंवाहक अवस्थेत जाताना चुंबकीय आंतरक्रियेत होणारी ऊर्जेची बचत त्या अवस्थेला लागणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून अधिक असल्याचे आढळले. मध्यस्थीचा खर्च भागवण्यास चुंबकत्वाची तिजोरी पुरेशी आहे, असा त्याचा अर्थ.

मुंबईचे योगदान

टीआयएफआरमधील कथेची सुरुवातही एका क्षीण संकेताने झाली. इट्रियम, निकेल आणि बोरॉन यांच्या संयुगाचा अभ्यास करताना संशोधकांना सुमारे १२ केल्विनला अतिसंवाहकतेची पुसट खूण दिसली. निकेल हा चुंबकीय धातू. त्याच्या संयुगात इतक्या तापमानाला अतिसंवाहकता अपेक्षित नव्हती, आणि खूणही नमुन्याच्या अल्पशा भागापुरतीच होती. ती भेसळ म्हणून सोडून देता आली असती. आर. नागराजन, चंदन मजुमदार, झाकिर हुसेन, एस. के. धर, एल. सी. गुप्ता, आर. विजयराघवन आणि पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील बी. डी. पडालिया यांचा समावेश असलेल्या गटाने तिचा पाठपुरावा केला. मिश्रणात कार्बनची थोडी भर घालताच खूण ठळक झाली आणि अतिसंवाहकता संपूर्ण नमुन्याची असल्याचे स्पष्ट झाले. हे निष्कर्ष १९९४ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास बेल प्रयोगशाळेतील गटानेही या कुळातील संयुगांचे निष्कर्ष मांडले. त्यांपैकी पॅलॅडियमयुक्त मिश्रणात २३ केल्विनपर्यंतची अतिसंवाहकता आढळली.

बोरोकार्बाइड या नावाने ओळखले जाणारे हे कूळ चुंबकत्वाच्या अभ्यासकांना पर्वणी ठरले. कारण इट्रियमच्या जागी एकेक विरल मृत्तिका मूलद्रव्य घालता येते आणि प्रत्येक वेळी दोन्ही शक्तींचे बलाबल बदलते. चुंबकत्व नसलेल्या ल्युटेशियमचे संयुग सुमारे १६.५ केल्विनला अतिसंवाहक होते. एर्बियमच्या संयुगात अतिसंवाहकता १०.५ केल्विनच्या आसपास येते आणि ६ केल्विनला प्रतिलोहचुंबकत्व तिच्या सोबतीला येऊन राहते. होल्मियमच्या संयुगात अतिसंवाहकता ८ केल्विनला येते, ५ केल्विनच्या सुमारास चुंबकीय रचना बदलताना डळमळते आणि त्याखाली पुन्हा सावरते. डिस्प्रोसियमच्या बाबतीत तर क्रमच उलटा आहे : चुंबकीय रांग आधी, सुमारे १० केल्विनला, लागते आणि तिच्या आतच ६ केल्विनला अतिसंवाहकता अवतरते. अणुचुंबकांचे रोख आलटूनपालटून असल्याने त्यांचे परिणाम जोडीच्या विस्तारात परस्परांना छेद देतात. म्हणून हा सहवास शक्य होतो.

तरीही येथील नाते जड फर्मिऑन पदार्थांपेक्षा वेगळे आहे. बोरोकार्बाइडांत चुंबकत्व सांभाळणारे एफ इलेक्ट्रॉन एक आणि जोड्या बांधणारे इलेक्ट्रॉन दुसरे; जोड्यांचा मध्यस्थही मुख्यतः जालकाची कंपनेच. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत, तसा हा प्रकार. जड फर्मिऑन अतिसंवाहकांत मात्र दोन्ही भूमिका त्याच एफ इलेक्ट्रॉनांकडे असतात. ही दोन चित्रे एका कुळात शेजारी ठेवून पाहण्याची संधी इटर्बियमने दिली. मूलद्रव्यांच्या क्रमात ते थुलियम आणि ल्युटेशियम यांच्यामध्ये येते. थुलियमचे संयुग सुमारे ११ केल्विनला, ल्युटेशियमचे १६.५ केल्विनला अतिसंवाहक होते. त्यामुळे इटर्बियमच्या संयुगाचे तापमान या दोहोंच्या दरम्यान असावे, असा सरळ हिशेब होता. प्रत्यक्षात त्यात अतिसंवाहकता आढळलीच नाही. १९९६ मध्ये टीआयएफआरसह अन्य गटांनी केलेल्या मोजणीत त्याची विशिष्ट उष्णता प्रचंड निघाली; ते जड फर्मिऑन होते. एफ इलेक्ट्रॉन मुक्त इलेक्ट्रॉनांत मिसळल्याने एका पदार्थात अतिसंवाहकता जन्मते आणि दुसऱ्यात तिचा बळी जातो, हा विरोधाभास त्यातून ठसठशीतपणे समोर आला.

लोहचुंबकाच्या पोटात

आलटूनपालटून रोख असलेल्या रांगेशी तडजोड होऊ शकते. पण सर्व अणुचुंबक एकाच दिशेने उभे असलेल्या लोहचुंबकाशी ती होणे अशक्य, अशी शेवटची तटबंदी उरली होती. २००० मध्ये केंब्रिजच्या सिद्धार्थ सक्सेना आणि सहकाऱ्यांनी तीही भेदली. युरेनियम आणि जर्मेनियमचे संयुग नेहमीच्या दाबाला ५२ केल्विनखाली लोहचुंबक असते. वातावरणाच्या सुमारे १० ते १६ हजार पट दाबाखाली ते लोहचुंबक असतानाच एक केल्विनहून कमी तापमानाला अतिसंवाहक झाले. येथे जोडीतील दोन्ही इलेक्ट्रॉनांचे चुंबकीय रोख विरुद्ध नसून समांतर असावेत, असा निष्कर्ष काढला जातो. रोख समांतर असल्यास चुंबकीय क्षेत्राला जोडी फोडण्यासाठी पकडच मिळत नाही.

२०१९ मध्ये प्रकाशात आलेल्या युरेनियम व टेल्युरियमच्या संयुगाने याची कमाल दाखवली. सुमारे १.६ केल्विनला अतिसंवाहक होणाऱ्या साध्या पदार्थाची जोडी सुमारे तीन टेस्ला क्षेत्रात मोडावी, असे सिद्धांत सांगतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे क्षेत्र बहुधा दीड ते तीन टेस्ला असते. या संयुगातील अतिसंवाहकता एका दिशेने सुमारे ३५ टेस्लापर्यंत तग धरते. आणि क्षेत्राची दिशा विशिष्ट कोनात ठेवल्यास एकदा नाहीशी होऊन ४० टेस्लापलीकडे पुन्हा प्रकट होते. तिच्या जोड्यांचे नेमके स्वरूप काय, यावर अद्याप मतैक्य नाही.

पणाला काय लागले आहे?

अर्ध्या-एक केल्विनच्या या घटनांचा व्यवहाराशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. थेट उपयोग जवळजवळ नाही. महत्त्व आहे ते प्रमाणाचे. ॲल्युमिनियममधील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा तापमानाच्या भाषेत एक लाख केल्विनहून अधिक असते, तर त्याची अतिसंवाहकता १.२ केल्विनला येते. जड इलेक्ट्रॉन इतके मंद असतात की त्यांची ऊर्जा अवघ्या १० केल्विनच्या घरात राहते. तिच्या तुलनेत ०.६ केल्विन म्हणजे साधारण विसावा हिस्सा होतो. या मोजपट्टीवर हे अतिशीत पदार्थच खरे उच्च तापमानाचे अतिसंवाहक ठरतात. त्यांतील चुंबकीय मध्यस्थी वेगवान इलेक्ट्रॉनांच्या पदार्थात साधता आली, तर संक्रमणाचे तापमानही वर चढावे. २००२ मध्ये प्लुटोनियम, कोबाल्ट आणि गॅलियमच्या संयुगात, ज्याचे इलेक्ट्रॉन तुलनेने कमी जड आहेत, १८.५ केल्विनला अतिसंवाहकता आढळली. १९८६ नंतर सापडलेले तांब्याच्या ऑक्साइडांचे आणि २००८ पासून प्रसिद्धीस आलेले लोहयुक्त अतिसंवाहकही चुंबकत्वाच्या काठावरच वसलेले आहेत. एमआरआय यंत्रांतील अतिसंवाहक तारांना आज द्रवरूप हेलियमचा आधार घ्यावा लागतो. त्यामुळे संक्रमणाच्या तापमानातील प्रत्येक वाढीला मोल आहे.

सिद्धांताचा मार्ग मात्र निष्कंटक नाही. श्टेग्लिश यांच्या संयुगातील जोड्या चार पाकळ्यांच्याच असाव्यात, हे जवळजवळ गृहीत धरले गेले होते. २०१४ मध्ये अधिक खोल तापमानाला झालेल्या विशिष्ट उष्णतेच्या मोजणीने त्या चित्राशी न जुळणारे निकाल दिले आणि चाळिशीकडे झुकलेल्या या संयुगाची फेरतपासणी सुरू झाली. अतिसंवाहकतेच्या जुन्या सिद्धांताच्या चौकटीत न मावणारे पदार्थ मुंबईतही पुढे येत राहिले. टीआयएफआरमधील एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथचा शुद्ध स्फटिक एका केल्विनच्या सुमारे दोन हजाराव्या भागापर्यंत, म्हणजे ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत थंड करून तो अतिसंवाहक होत असल्याचे दाखवले. हे संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बिस्मथमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन इतके विरळ असतात की १९५७ च्या सिद्धांताने त्याची अतिसंवाहकता समजावणे अवघड जाते.

चुंबकत्वापासून दूर राहण्याचा १९५८ चा सल्ला आज कोणी सरसकट देत नाही. नव्या अतिसंवाहकाच्या शोधात निघालेले संशोधक आता एखादा चुंबकीय पदार्थ निवडतात, त्यावर दाब देतात किंवा त्यातील एखादे मूलद्रव्य बदलतात आणि त्याचे चुंबकत्व कोठे मावळते, तो काठ धुंडाळतात.